बाबांचा फोन काढून घेऊ नका, आधी खात्यांची मांडणी बदला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते: तुम्ही डोंबिवलीला, आईबाबा देवगड तालुक्यात, सीझनला घरच्या कलमांचे आंबे पेटीनं विकतात आणि दोन खोल्या पर्यटकांना देतात. गेल्या महिन्यात कुणी "आर्मी ऑफिसर" बनून बाबांना क्यूआर कोड पाठवला, शेजारचा मुलगा नेमका तिथं होता म्हणून वाचले. आता तुम्ही विचारताय की बाबांच्या फोनमध्ये कुठला अँटिव्हायरस टाकू, की यूपीआय सरळ बंदच करून टाकू.

मी कणकवलीत ऑनलाइन कामांचं केंद्र चालवते, फॉर्म, दाखले, विमा, फोन पे बसवून देणं, बंद पडलेलं बँकेचं ॲप चालू करून देणं, हे सगळं रोजचं. फसलेली माणसंही माझ्याकडेच येतात, पोलिसांकडे जायच्या आधी. त्यामुळे सांगते, अँटिव्हायरसनं हा प्रश्न सुटत नाही. बाबांच्या फोनमध्ये कुणी घुसलं नव्हतं, बाबांच्याच हातून पैसे पाठवून घेणार होते. आणि यूपीआय बंद करणं म्हणजे धंदा बंद करणं, आज मुंबई-पुण्याचं कुठलं गिऱ्हाईक मनीऑर्डर करणार आहे?

तुमच्या बाबांसारख्यांची खरी अडचण वेगळी आहे. सगळीकडे सल्ला देतात, अनोळखी नंबर उचलू नका. अहो पण मार्च ते मे या माणसाला येणारा प्रत्येक दुसरा फोन अनोळखीच असतो! तोच त्याचा धंदा आहे. खोल्यांचं तसंच, बुकिंग करणारा माणूस ओळखीचा कुठून असणार. म्हणजे बाबांना अनोळखी माणसाशी बोलावंच लागणार, त्याच्याशी पैशाचा व्यवहार करावाच लागणार, तोही बागेत काढणी चालू असताना, ऊन डोक्यावर, गडी हाक मारतायत अशा वेळी. अशा वेळी कधी ना कधी चूक होणारच, बाबांच्या जागी तुम्ही असलात तरी होईल. म्हणून माझा सगळा भर यावर असतो की चूक झालीच तर ती किती रुपयांची होईल. ते मात्र आधी ठरवता येतं, घरबसल्या, शांतपणे.

त्याआधी ती आर्मीवाली चाल नेमकी कशी चालते ते सांगते, कारण बाबांना हे असं पायरीपायरीनं सांगितलं तरच पटेल. मागच्या सीझनला एक काका माझ्यासमोर बसले होते, पॅनकार्डाच्या कामाला आलेले, तेवढ्यात फोन आला आणि त्यांनी स्पीकरवर टाकला म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. पलीकडचा हिंदीत बोलत होता, अतिशय अदबीनं. दहा पेट्या पाहिजेत, युनिटमध्ये वाटायच्यात. काकांनी भाव सांगितला, त्यानं जराही घासाघीस केली नाही, लगेच हो. मग व्हॉट्सॲपवर आयकार्डाचा फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो, युनिफॉर्ममधला फोटो. मग म्हणाला, आमचं पेमेंट ऑफिसच्या अकाउंटमधून होतं, आधी तुमचं अकाउंट व्हेरिफाय करायला लागतं, तुम्ही पाच रुपये पाठवा, मी दहा परत पाठवतो. काकांनी पाच पाठवले. खरंच दहा आले. बघा, इथंच माणूस जिंकला जातो, कारण पैसे आल्याचं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असतं. पुढचा क्यूआर पूर्ण रकमेचा होता, "स्कॅन करो, पिन डालो, पैसा जमा हो जाएगा". मी काकांना फोन खाली ठेवायला लावला तर ते माझ्यावरच चिडले, "गो, मिलिटरीतलो माणूस तो, तो कित्याक फसवतलो?" आमच्याकडे घरटी कुणी ना कुणी आर्मीत नाहीतर नेव्हीत असतं, त्या आदरावरच तर हे लोक खेळतात. काकांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. चांगुलपणा होता म्हणून तर फसत होते.

आता मांडणी. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाबांचं एकच खातं आहे का ते बघा. बहुतेक घरात असंच असतं, आंब्याचे पैसे त्यात, पीएम किसानचा हप्ता त्यात, एफडी त्यालाच जोडलेली, आणि त्याच खात्यावर गुगल पे. हे मोडा. दुकानदार गल्ल्यात दिवसापुरते पैसे ठेवतो, बाकीचे आत कपाटात, तसंच करायचं. धंद्यासाठी एक वेगळं साधं बचत खातं काढा, शक्यतो दुसऱ्या बँकेत, आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. गिऱ्हाइकांचे पैसे तिथं येतील. आठवड्याला, सीझनला वाटलं तर दोनचार दिवसांनी, त्यातली रक्कम मोठ्या खात्यात वळती करायची, याची आठवण तुम्ही डोंबिवलीला बसून फोनवर करून देऊ शकता. मोठ्या खात्याला यूपीआय नको, त्याचं मोबाइल बँकिंग बाबांच्या फोनवर नको. एफडी असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण बँकेचं ॲप एकदा फसवणाऱ्यांच्या हातात गेलं की एफडी ऑनलाइन मोडता येते, काही बँकांत तिच्यावर कर्जही उचलता येतं, आणि सकाळी कळतं की मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले.

डेबिट कार्डाचंही बघून घ्या. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डाचा ऑनलाइन वापर, परदेशातला वापर, एटीएम, हे सगळं वेगवेगळं चालू-बंद करता येतं आणि मर्यादाही कमी करता येते. बाबा कार्डानं ऑनलाइन काही घेत नसतील तर ते बंदच ठेवा. कुठल्या बँकेत हे ॲपमधून होतं, कुठं शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो, ते बँकेवर आहे. छोट्या सहकारी बँकेत खातं असेल तर शाखेत जाऊनच विचारा, तिथली माणसं ओळखीची असतात, नीट करून देतात.

दुसरं पिनचं. "पैसे घ्यायला पिन लागत नाही" हे वाक्य सगळे पाठ करून घेतात, चांगलंच आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. कारण बाबा बॅलन्स बघायलाही पिनच टाकतात ना, म्हणजे त्यांच्या मनात पिन म्हणजे पैसे जाणं असं समीकरण बसतच नाही. समोरचा म्हणतो "बॅलन्स चेक करा, पैसे आले का बघा" आणि ते पिन टाकायच्या तयारीतच असतात. म्हणून मी लोकांना पिनच्या पानाचा वरचा भाग वाचायला शिकवते. पिन टाकायच्या जागेच्या वर कुणाचं तरी नाव आणि रक्कम दिसत असेल तर ते पैसे आपल्याकडून त्या माणसाला चाललेत. बॅलन्स बघताना तिथं घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम येत नाही. बाबांना चष्मा लावून, तुमच्या नंबरवर एक रुपया पाठवायला लावून, ते पान दाखवा. दोनदा दाखवा. एक चांगलं झालं की ओळखीच्या-अनोळखीच्या कुणीही यूपीआयवर "पैसे द्या" अशी विनंती पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, दुकानं आणि कंपन्यांच्या विनंत्या मात्र अजून येतात, आणि क्यूआरवाली चाल तर तशीच चालू आहे.

तिसरी गोष्ट, पैसे आले हे कसं समजायचं. व्हॉट्सॲपवर आलेला पेमेंटचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, तो बनवणारी ॲप आहेत. मेसेजही पुरावा नाही. खोल्यावाल्यांबरोबर एक प्रकार फार होतो: दोन हजार ॲडव्हान्स ठरतो, मेसेज येतो वीस हजार जमा, लगेच फोन, "अहो चुकून एक शून्य जास्त पडलं, बायको हॉस्पिटलात आहे, अठरा हजार परत पाठवा". मेसेज नीट बघितला तर दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावानं येतो आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी असं एक अक्षर असतं. पण घाईत कोण बघणार, म्हणून माझं म्हणणं, मेसेज वाचूच नका, बँकेच्या ॲपात स्वतः जाऊन जमा झालेली नोंद बघा, नाहीतर साउंडबॉक्स घ्या, पैसे जमा झाले की बोलून सांगणारा तो डबा. पेटी टेम्पोत चढवायच्या आधी नोंद दिसली पाहिजे, नाही दिसली तर पेटी खळ्यातच राहील. आणि खरंच कुणाकडून जास्त पैसे आले असतील तर "बँकेतून परत मागवून घ्या" एवढंच सांगायचं, स्वतः पाठवायचे नाहीत.

आता नंबरचं सांगते, इथं कोकणातल्या घरांचा एक खास घोळ आहे. बाबांच्या फोनमधलं सिम कुणाच्या नावावर आहे? बऱ्याच घरी ते मुंबईतल्या मुलाच्या नावावर असतं, कुठं कुठं तर वारलेल्या काकांच्या नावावर. मग फोन पडला विहिरीत की सिम परत काढायला मुलगा गावी येईपर्यंत सगळं ठप्प. दुसरं म्हणजे बँकेत जुनाच नंबर दिलेला असतो जो रिचार्ज न केल्यानं कधीच बंद पडलाय. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते, म्हणजे तुमच्या खात्याचे ओटीपी कुणा परक्याच्या फोनवर. तर सिम बाबांच्या नावावर करून घ्या, बँक, आधार, जीमेल तिन्हीकडे तोच चालू नंबर आहे ना बघा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवता येतं.

सिम अचानक बंद पडलं तर आपल्या नावानं कुणीतरी दुसरं सिम काढलेलं असू शकतं. शहरात हे लगेच लक्षात येतं, आपल्याकडे नाही, कारण पावसात रेंज जातेच, दोन दोन दिवस टॉवर बंद असतो, माणूस म्हणतो येईल उद्या. म्हणून बाबांना एवढंच सांगा की आपला फोन बंद आणि शेजाऱ्याचा त्याच कंपनीचा चालू, असं दिसलं तर त्याच दिवशी शेजाऱ्याच्या फोनवरून तुम्हाला कळवायचं.

व्हॉट्सॲपला टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, सहा आकडी पिन ठेवा, तो यूपीआयचाच नको. सेटिंगमध्ये लिंक्ड डिव्हायसेस म्हणून आहे तिथं अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला दिसला तर काढून टाका. आणि फाइलींचं मात्र नीट समजावून सांगा, कारण आमच्याकडे सध्या पैसे जाण्याचं मोठं कारण तेच आहे. "आरटीओ चलान", "पीएम किसान", "लग्नपत्रिका" अशा नावाची फाइल व्हॉट्सॲपवर येते, नावाच्या शेवटी एपीके असतं. फोटो किंवा पीडीएफ नाही, ते अख्खं ॲप असतं. एकदा बसवलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की आलेले ओटीपी तिकडे जायला लागतात, आणि तीच फाइल त्या माणसाच्या व्हॉट्सॲपवरून त्याच्या सगळ्या ओळखीच्यांना जाते. म्हणूनच ती फाइल वाडीतल्याच कुणाच्या तरी नंबरवरून येते! पोस्टमन, सरपंच, आत्तेभाऊ, कुणीही. ओळखीच्या नंबरवरून आलं म्हणून उघडायचं, ही सवय इथं उपयोगाची नाही. पत्रिका असेल तर फोन करून विचारायचं, बाबा रे तूच पाठवलीस का. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ॲप बसवायची परवानगी व्हॉट्सॲपला, क्रोमला, फाइल मॅनेजरला बंद करून ठेवा आणि प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप तपासणारी गुगलची सोय, चालू ठेवा, तुम्हाला अँटिव्हायरस हवा होता ना, त्यापेक्षा या दोन गोष्टी कामाच्या. बसवलंच गेलं तर पहिल्यांदा फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, वायफाय असेल तर तेही बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं, मग फोन फॅक्टरी रिसेट.

लाइट बिलाचंही तेच. "आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा" असे मेसेज महावितरण कुणाच्या खासगी मोबाइलवरून पाठवत नाही. वायरमन गावातलाच असतो, त्याला विचारा.

आधारचा बायोमेट्रिक लॉक सगळे सुचवतात, कारण अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या सोयीचा गैरवापर झालाय, जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून. लॉक चांगला, पण आईबाबा रेशन अंगठ्यावर घेत असतील तर दर महिन्याला दुकानात जायच्या आधी तो उघडावा लागेल, नाहीतर मशीन नाही म्हणतं आणि म्हातारं माणूस उन्हात तसंच परत येतं. तुमच्याकडे हे कोण करणार ते बघून ठरवा. मी अशा घरांना मोठ्या खात्यावरची आधारवरून पैसे काढायची सोय बंद करता येते का ते शाखेत विचारायला सांगते.

खोल्यांचं फेसबुक पेज किंवा इन्स्टा असेल तर त्याला दोन ॲडमिन ठेवा, तुम्ही आणि बाबा, दोघांनाही टू फॅक्टर. "तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आलीय, २४ तासात बंद होईल, इथं लॉगिन करा" असे मेसेज मेटाचं नाव लावून येतात, ते पेज बळकवायला. आणि गुगल मॅपवर आपल्या जागेचा नंबर अधूनमधून बघत जा, तिथं कुणीही बदल सुचवू शकतो, नंबर बदलला गेला तर तुमच्या नावावर ॲडव्हान्स दुसराच घेईल आणि पर्यटक येऊन उभा राहील तुमच्या दारात.

आईला विसरू नका. बाबा बागेत, आई घरी एकटी, मुलं मुंबईला, असं घर या लोकांना बरोबर सापडतं. पोलिस, सीबीआय, कस्टम असं सांगून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात, तुमच्या मुलाच्या नावानं पार्सलमध्ये ड्रग सापडलं म्हणतात, कुणाला सांगू नका म्हणतात. यालाच ते डिजिटल अरेस्ट म्हणतात. असा प्रकार कायद्यात नाहीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्येही हे सांगितलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही, म्हणून आईला एकच वाक्य द्या: "मी आमच्या पोलिस ठाण्यात येऊन बोलते." आणि फोन ठेवायचा, तुम्हाला लावायचा. तुम्ही उचलला नाहीत तर कुणाकडे जायचं, ते शेजारचं घरही ठरवून ठेवा.

आणि झालंच तर? १९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर बाबांच्या फोनमध्ये सेव्ह करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरही मोठ्या अक्षरात लिहा, कारण त्या वेळी फोन हातात घ्यायचीही भीती वाटते. पैसे गेल्यावर पहिला फोन इथं, लगेच दुसरा बँकेला, बँकेचा नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्यायचा, गुगलवर शोधायचा नाही, तिथंही खोटे कस्टमर केअर बसलेत. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ, रक्कम तयार ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळवले जातात, वाटेत कुठं अडकवता आले तर येतात, म्हणून तासाला किंमत आहे. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण करायची.

पैसे परत मिळतील का हे मात्र परिस्थितीवर आहे, खोटी आशा दाखवत नाही. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे तुमची काही चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून बघितलं तरी लवकर कळवणाराच फायद्यात. आणि इथंच घरातलं वातावरण कामी येतं. माझ्याकडे येणारे कितीतरी काका-काकू दोनचार दिवस गप्प बसलेले असतात, मुलगा ओरडेल म्हणून. तुमच्या प्रश्नात "बाबांना किती वेळा सांगितलं तरी कळत नाही" असं वाक्य आहे. हे त्यांच्यासमोर बोलत असाल तर कृपा करून थांबवा. उद्या चूक झाली तर त्यांचा पहिला फोन तुम्हाला यायला हवा, आणि तो बिनधास्त यायला हवा.

शिमग्याला गावी येणार असाल तर एक सकाळ बाबांबरोबर बँकेसाठी ठेवा, पालखी घरी यायच्या आदल्या दिवशी शक्यतो, नंतर काही होत नाही. पहिल्यांदा दुसरं खातं, मग सिम आणि नंबर, मग व्हॉट्सॲप, बाकीचं हळूहळू. यायच्या आधी एक काम डोंबिवलीतूनच करा: बाबांना विचारा की एफडी कुठल्या खात्याला जोडलीय आणि त्या खात्यावर नॉमिनी कोण आहे, जॉइंट आहे की एकट्याच्या नावावर. जॉइंट असेल तर आईची सहीही लागू शकते, मग दोघांनाही बँकेत न्यावं लागेल, आणि गाडीची सोय बघावी लागेल. बँक कुठली, राष्ट्रीयीकृत की सहकारी, एवढं इथं लिहिलंत तर अर्ज कसा करायचा ते सांगते.